तेवीस चौदाचा शनिवार

वारांचा रकाना गाळून टाकला तेव्हा श्रद्धाला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. उलट एक अडगळ कमी झाली म्हणून जरा हायसंच वाटलं होतं.

संत तुकाराम नगरातलं कामगार वाचनालय चाळीस वर्षांपूर्वी कंपन्यांतल्या माणसांनी वर्गणी काढून उभं केलेलं. नऊ लोखंडी कपाटं, दोन हजार तीनशे सहा पुस्तकं आणि टेबलामागे पहिल्यापासून बसलेल्या सोजरबाई. श्रद्धा रावेतची. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आणि कुठलीही गोष्ट उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन न पडणारी. मोठ्या कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठी लिहिलेलं एक सॉफ्टवेअर तिला सापडलं होतं. ते कुणीही फुकट घ्यावं, आतली आज्ञावली वाचावी, हवी तशी बदलावी आणि केलेले बदल पुन्हा सगळ्यांसाठी ठेवावेत, असा त्याचा रिवाज. दोन महिने ती ते कापून-शिवून लहान वाचनालयाच्या मापाचं करत होती. एका पुस्तकासाठी ते चौतीस रकाने मागायचं, तिने आठ ठेवले. मराठी नावं मुळाक्षरांच्या क्रमाने लावायला त्याला शिकवलं. इंटरनेट नसलं तरी जुन्या लॅपटॉपवर चालेल असं केलं.

वाचनालयाच्या वहीत प्रत्येक पुस्तकाला चार आकडी नंबर होता. पहिला आकडा कपाटाचा, दुसरा खणाचा, उरलेले दोन खणातल्या जागेचे. म्हणजे २३१४ हे दुसऱ्या कपाटात, तिसऱ्या खणात, चौदाव्या जागी. ही रीत श्रद्धाला मनापासून आवडली. पण नंबरापुढे प्रत्येक ओळीत एक वारही लिहिलेला होता. शनि, बुध, सोम. खरेदीचा वार असेल म्हणून तिने पाच-सहा तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या, मेळ बसेना. सॉफ्टवेअरमध्ये वारासाठी जागाही नव्हती. वही टाइप करणाऱ्या पाच जणांनी तो रकाना इमानदारीने भरला होता, तो मूळ फाइलमध्येच राहिला.

जुनी खोली पावसाळ्याआधी पाडायची होती. कॉलनीच्या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक हॉल रिकामा होता, आणि तो जिमवाल्यांनीही मागितला होता. हॉल कुणाला द्यायचा हे कॉलनीचे अध्यक्ष अण्णासाहेब यांच्या हातात. मूळचे गावातले शेतकरी. आता त्यांच्या शेतात बारा मजली टॉवर उभे होते. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं.

"रविवारी येतो. धा पुस्तकांची नावं घेईन. तुमच्या कॉम्प्युटरनं जागा सांगायची आन् तिथंच पुस्तक घावलं पायजे. एक जरी चुकलं तरी हॉल जिमला. पोरं दंड तरी काढतील, राव. हितं निस्ती धूळ खाया कशाला जागा?"

बुधवारी श्रद्धाने स्वतःच दहा नावं काढून पाहिली. आठ सापडली, दोन नाहीत. टाइप करताना आकडे चुकले होते, हे उघड होतं. एकच नंबर दोनदा आला तर सॉफ्टवेअर ओरडायचं, ते तिने निस्तरलं होतं. पण चुकून एखाद्या रिकाम्या जागेचा नंबर पडला तर ते बिचारं गप्प बसायचं. अशा चुका किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळी वही पुन्हा ताडायची तर आठवडा लागणार, आणि ताडताना नव्या चुका होणार त्या वेगळ्याच.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून सकाळपासून वाचनालय उघडं होतं. श्रद्धाने मूळ फाइल उघडली आणि सहज विचारलं, "आजी, वहीत हे वार कसले लिहिलेत?"

सोजरबाई सुपारी कातरत होत्या. "दोन महिन्यांनी इचारतीस व्हय? वाच एखादा."

"तेवीस एक्केचाळीस, शनिवार."

"न्हाई," अडकित्ता न थांबवता त्या म्हणाल्या.

"काय नाही?"

"तेवीस एक्केचाळीस बुधवारचा. शनिवार असंल तर तेवीस चौदा बघ."

श्रद्धा उठली. दुसरं कपाट, तिसरा खण, एकेक पुस्तक मोजत चौदावी जागा. तिथे तेच पुस्तक होतं, काल न सापडलेल्या दोनांपैकी एक. ते हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"आजी, तुम्हाला सगळे नंबर पाठ आहेत?"

"पाठ कशाला करू? चालायचं." त्यांनी उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवला. "पयला आकडा येकदा. दुसरा दोनदा. तिसरा तीनदा, चौथा चारदा. सोमवारपासनं तेवढे वार मोजत जायचं. जिथं थांबशील तो पुस्तकाचा वार."

श्रद्धाने कागद ओढला. दोन, तीन दुणे सहा, एक त्रिक तीन, चार चोक सोळा. सत्तावीस. सोमवारपासून सत्तावीस वार मोजले की शनिवार. मग शेवटी ४१ घेऊन पाहिलं. बेरीज चोवीस, वार बुध.

तिने पेन खाली ठेवलं. हे तिला ठाऊक होतं. पुस्तकाच्या पाठीवर बारकोडखाली जो लांबलचक नंबर असतो, त्याचा शेवटचा आकडा असाच आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो, चूक पकडण्यासाठी. वर्गात दोन तास शिकवलं होतं, परीक्षेत आठ मार्कांना आलं होतं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवतंय कोण? कंपनीत हत्यारांच्या स्टोअरात झाडलोट करायचे मी. खिडकीतनं माणूस वरडायचा, तेवीस चौदा! आत मशीनचा येवढा आवाज, मी एक्केचाळीसचं हत्यार न्यायचे. मग शिव्या. अक्षर येत न्हवतं तवा मला, आकडे तेवढे वळखायचे. भागाकार-बिगाकार न्हाई. पर वार कुणाला येत न्हाईत? मग मी म्हनलं, नंबर सांगा आन् वार बी सांगा. दोन्ही जुळलं तरच हत्यार. आधी हसली सगळी. पुढं मुकादमबी पेरं मोजाया लागला." त्या खुदकन हसल्या. "हितं वाचनालय काढलं तवा तीच रीत लावली. आधीच्या सभासदांनाबी वार सांगाया लावायचे."

"पण नुसती बेरीज का नाही केली? एकदा, दोनदा, तीनदा कशाला?"

"अगं, नुसती केली तर चौदा आन् एक्केचाळीस सारखंच की! उलटंपालटंच तर पकडायचं हाय."

मग तिच्यातली शास्त्राची विद्यार्थिनी जागी झाली. "एक भोक आहे हं, आजी. आठवडा सातांचा. शून्याच्या जागी सात पडला, एकाच्या जागी आठ, किंवा दोनाच्या जागी नऊ, तर वार बदलत नाही."

"ठाव हाय. पर शून्याला सात कोण वाचंल? माणूस एकाला नऊ वाचतो, चाराला पाच वाचतो. ते समदं घावतं."

श्रद्धाने ७ आणि ०, ८ आणि १, ९ आणि २ कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहिले. मराठी अक्षरात खरंच कुणी ते एकमेकांसारखे काढत नव्हतं.

दुपारपर्यंत तिने सॉफ्टवेअरमध्ये नववा रकाना उघडला आणि त्याला 'वार' हेच नाव दिलं. खाली चार ओळींची आज्ञावली: पेरांवर चालण्याची, फक्त पेरांशिवाय. फाइल आत सोडली. क्षणभरात पडद्यावर यादी आली. न जुळणाऱ्या नोंदी एकसष्ट. दोन हजार तीनशे सहांमधल्या नेमक्या एकसष्ट! शुक्रवार-शनिवारी दोघींनी तेवढ्याच ओळी वहीशी ताडल्या. बाहेर गेलेल्या पुस्तकांच्या जागी खिळ्याला सभासदाचा पितळी बिल्ला अडकवलेला असायचा, तीही स्टोअरचीच रीत. ते एकोणीस बिल्लेही श्रद्धाने नोंदवून घेतले.

रविवारी अण्णासाहेब आले, खुर्ची ओढून बसले. एकामागून एक नऊ नावं घेतली. श्रद्धा नंबर वाचायची, सोजरबाई वार बोलायच्या आणि पुस्तक टेबलावर यायचं. नऊच्या नऊ.

"धावं," अण्णासाहेब मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. "बैलांच्या आजारांवरचं एक पुस्तक हुतं. जाड, लाल पुठ्ठ्याचं."

श्रद्धाने 'बैल' टाकून शोधलं. पडद्यावरची ओळ तिने दोनदा वाचली. "एक्कावन्न बत्तीस. पण ते जागेवर नाहीये, अण्णा. बाहेर आहे. बिल्ला नंबर अठ्ठ्याऐंशी."

"आन् अठ्ठ्याऐंशी कोण?"

हे यादीत नव्हतं. श्रद्धाने मागे वळून पाहिलं.

"अण्णासाहेब, तुमीच की," सोजरबाई म्हणाल्या. "वीस वर्सांमागं तुमचा पांढरा बैल आजारानं बसला हुता, तवा नेलंत."

मग अण्णासाहेब गदगदून हसायला लागले.

"मला म्हाईत हाय, बाई! माझ्याच कपाटात हाय ते. खोटी यादी असती ना, तर म्हणली असती, हाय, हाय, समदं जागंवर हाय." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून उठण्याची तयारी केली. "हॉल तुमचा."

"बरं. मग पुस्तक?" सोजरबाईंनी विचारलं.

"बैल गेला, रान गेलं... ऱ्हाऊ द्या ना माझ्याकडं."

"न्हाई जमायचं."

अर्ध्या तासाने गाडी पुन्हा दारात आली. अण्णासाहेब लाल पुस्तक घेऊन टेबलासमोर उभे राहिले. सोजरबाईंनी पुस्तकाला हात लावला नाही.

"नंबर?"

"एक्कावन्न बत्तीस."

"वार?"

श्रद्धाला वाटलं, आता चिडतील. अण्णासाहेबांनी पुस्तक डाव्या काखेत धरलं आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पेराला लावला. ओठ हलू लागले. पाच एकदा... एक दोनदा... अंगठा पेरावरून पेरावर, बोटावरून बोटावर सरकत होता, पुन्हा मागे येत होता, न अडखळता, जणू वीस वर्षं मध्ये गेलीच नव्हती. श्रद्धाही टेबलाखाली आपल्या पेरांवर त्यांच्यासोबत मोजत होती.

"बुधवार," ते म्हणाले.

सोजरबाई पाचव्या कपाटाकडे गेल्या आणि खिळ्यावरचा बिल्ला काढून घेऊन आल्या.