दाराबाहेरचा दहा नंबरचा जोड

मित्रांनो, मी बुटांचा एक जुना जोड आहे. काळा, नाडीचा, दहा नंबरचा. जुना म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, यानं पुष्कळ रस्ते पाहिले असतील, चिखल तुडवला असेल, गावोगाव फिरला असेल. तसलं काही नाही. मी सगळं आयुष्य दाराबाहेर उभं राहून काढलं. नुसतं उभं राहूनही माणूस थकतो, मग बूट थकला तर त्यात नवल कसलं?

माझा जन्म एका लहानशा दुकानात झाला. पुढे बूट विकायचे आणि पडद्यामागे शिवायचे, असं ते दुकान होतं. कारागीर म्हातारा, तोंडाने फटकळ, पण हाताने मायाळू होता. त्यानं माझं कातडं लाकडी साच्यावर ताणलं, दुहेरी शिवण घातली आणि टाच ठोकून पक्की केली. एका धिप्पाड गिऱ्हाइकानं माप देऊन मला करायला सांगितलं होतं. तो गृहस्थ पुन्हा फिरकलाच नाही. मग माझी रवानगी सगळ्यात वरच्या फळीवर झाली. येणारेजाणारे मला हातात घेत, "काय कातडं आहे!" म्हणत, पायाशेजारी धरून बघत आणि हसत परत ठेवत. कौतुक खूप झालं, पण नुसत्या कौतुकानं कुणी फळीवरून खाली उतरत नाही.

एका दुपारी एक बाई आली. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते, हे मला मागाहून कळलं.

"पुरुषांचे बूट दाखवा. मोठे," ती म्हणाली.

"माप काय?"

"मोठे म्हणजे मोठे. लांबून दिसले पाहिजेत."

कारागिरानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "घालणार कोण?"

"आहेत एक."

"बसले नाहीत तर घेऊन या. बदलून देईन."

"बसतील," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात काही जीव नव्हता.

मी खोक्यात बसून त्या 'आहेत एक' यांच्या पावलांची वाट बघत घरी गेलो. कसा माणूस असेल, दमदार चालत असेल की पाय ओढत, याचाच विचार डोक्यात होता. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर. बाईनं मला खोक्यातून काढलं आणि दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवलं. मग ती जिना उतरून खाली गेली आणि परक्या माणसासारखी वर येऊन माझ्याकडे बघू लागली. काहीतरी खटकलं असावं. तिनं पायानं डावा बूट थोडा तिरका केला.

"आता कसं खरं वाटतं," ती फोनवर मावशीला म्हणाली. "आपला दादा घरी असेच फेकतो की नाही?"

ही सगळी शक्कल मावशीची होती. बदली होऊन बाई या गावात एकटी आली, तेव्हापासून मावशी फोनवरून तिला शहाणपणाचे डोस पाजत होती. दाराबाहेर पुरुषाचे बूट ठेव. दोरीवर एक मोठा शर्ट वाळत घाल. जिना चढायच्या आधी किल्ली हातात घे, दाराशी येऊन पिशवीत चाचपडत बसू नकोस. गाडीत बसलीस की फोन कानाला लाव आणि "हो, पोचतेच, तुम्ही खाली या" असं मोठ्यानं म्हण, पलीकडे कुणी नसलं तरी. बाईनं यातली एकही गोष्ट सोडली नाही. संध्याकाळी ती मुठीत किल्ली धरून वर येई, स्वतःच्याच घराची बेल वाजवी, "अहो, आले हं" म्हणत कुलूप काढी आणि रिकाम्या खोलीत शिरे.

कुणी पार्सल घेऊन आलं की ती आतल्या भिंतीकडे तोंड करून म्हणे, "अहो, तुमचं आलंय वाटतं." भिंत गप्प बसे. मग ती पार्सलवाल्याला सांगे, "झोपलेत. रात्रपाळी होती ना." पार्सलवाला मान डोलवून जाई. कधीकधी तिला स्वतःचंच हसू येई. दार लावल्यावर ती भिंतीला म्हणे, "कुठल्याच कामाचे नाही तुम्ही."

माझी निगा ती उत्तम राखत होती. कापडाने पुसून चकाचक करायची आणि मग मुद्दाम वरून थोडी धूळ चोळायची. दर दोन-तीन दिवसांनी माझी जागा बदलायची. पाऊस पडला तर कडांना चिखल लावायची. एक-दोनदा नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. मित्रांनो, दिवसभर माणसांना मशीनसमोर उभं करून, "हलू नका, श्वास धरा" म्हणून म्हणून ती दमून येई. आणि घरी येऊन पुन्हा नसलेल्या नवऱ्याचा संसार सांभाळायचा. एखाद्या संध्याकाळी ती उंबऱ्यातच बसून राही, एक हात माझ्यावर ठेवून. मला फार वाईट वाटे. मी कुणाला अडवू शकत नव्हतो. मी फक्त मोठा दिसत होतो.

एका गोष्टीकडे मात्र तिचं लक्ष गेलं नाही. माझ्या डाव्या तळव्यावर दुकानदारानं चिकटवलेली नंबराची गोल चिठ्ठी तशीच होती. वरून मी कितीही मळलेला असलो, तरी खालून कोरा करकरीत होतो.

आता खाली दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका भाडेकरूबद्दल सांगतो. आम्ही माणसांना चेहऱ्यावरून कमी आणि पायावरून जास्त ओळखतो. याच्या पायात मऊ रबरी चपला असत. त्यांचा आवाज म्हणून येत नसे. बाई घरात शिरली की थोड्या वेळानं त्या चपला वर येत आणि दाराशी थांबत. बेल वाजत नसे. तो नुसता कान देऊन उभा राही. आतून "अहो" ऐकू आलं की निघून जाई.

एक दिवस बाई कामावर असताना तो वर आला, इकडेतिकडे पाहिलं आणि वाकला. त्यानं माझ्यात हात घातला. आत चाचपलं. माझ्यात घामाचा वास नाही, पावलाचा ठसा नाही, काही नाही. मग त्यानं मला उलटं केलं, तळव्यावरची चिठ्ठी पाहिली आणि हसला. जन्मात कुणी माझ्यात पाय घातला नव्हता, आणि पहिल्यांदा आत शिरला तो हा हात. मला इतकी किळस आली, की कातडं सोलून टाकावंसं वाटलं.

जाताना त्यानं मला नीट, कवायतीतल्यासारखं सरळ ठेवलं. संध्याकाळी बाई वर आली आणि माझ्यासमोर थबकली. तिरका ठेवलेला बूट सरळ झालेला तिला कळला. त्या दिवशी तिनं बेल वाजवली नाही, "अहो" म्हटलं नाही. घाईघाईनं आत शिरली आणि दोन्ही कड्या लावल्या.

दुसऱ्या दिवसापासून बेल वाजू लागली. "मिस्टर आहेत का घरात? जरा काम होतं." मग, "मिस्टर दिसत नाहीत कधी?" मग नुसतीच बेल. बाई दाराआडून म्हणे, "झोपलेत." तो म्हणे, "झोपू द्या, झोपू द्या," आणि तिथेच उभा राही. बाईचं जेवण कमी झालं. मावशीला तिनं यातलं काही सांगितलं नाही, कारण मावशी म्हणाली असती, नोकरी सोड आणि परत ये. नोकरी तिला जिवापेक्षा प्यारी होती. ती स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली होती.

तेवढ्यात त्यानं दुसराच डाव टाकला. घराची मालकीण तळमजल्यावर राहत असे. जाडजूड किल्ल्यांचा जुडगा कमरेला, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर मीही दचकावं. सगळे तिला काकू म्हणत आणि टरकून असत, पण जिना चढून ती सहसा वर येत नसे. बाईला खोली देताना काकूंनी एकच अट घातली होती, राहायचं तर एकटीनं, पुरुष माणूस घरात चालणार नाही. या माणसानं काकूंच्या कानाला लागून सांगितलं, "तिसऱ्या मजल्यावर पुरुष राहतो. बूट दाराबाहेर उघड ठेवलेत, काही लाजलज्जा नाही."

सुट्टीच्या दिवशी सकाळी काकू वर आल्या. मागून तो आला. शेजारच्या दारातली शिक्षिका आवाज ऐकून बाहेर आली. काकूंनी माझ्याकडे बोट केलं.

"हे कुणाचे गं?"

मला बाईची अडचण स्वच्छ कळत होती. नवऱ्याचे म्हणावं, तर अट मोडली म्हणून खोली जाणार, मग मावशी परत बोलावणार आणि नोकरीही जाणार. कुणाचेच नाहीत म्हणावं, तर ती एकटी आहे हे याच्या तोंडावर कबूल करायचं. तो कठड्याला टेकून शांतपणे ऐकत उभा होता. त्याला हेच हवं होतं. तिच्याच तोंडून, चारचौघांत.

बाईनं वाकून मला उचललं. तिचा आवाज मोठा निघाला. आजवर भिंतीला मारलेल्या हाकांपेक्षा किती तरी मोठा.

"कुणाचे नाहीत, काकू. मी एकटी राहते. नवरा नाही, कुणी नाही. हे बूट मी या गृहस्थांसारख्यांना धाक म्हणून ठेवलेत. हे रोज माझ्या दाराशी येऊन उभे राहतात. बेल वाजवतात. मला भीती वाटते यांची."

"वा!" तो हसला. "आम्ही शेजारधर्म पाळायचा आणि वर हे ऐकायचं. काकू, नाटकं आहेत ही सगळी. तळव्यावरची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही बाईसाहेबांनी."

काकूंनी मला बाईच्या हातातून घेतलं आणि उलटं केलं. चिठ्ठी पाहिली. मग सावकाश त्याच्याकडे वळल्या.

"तळवा तुम्ही कधी पाहिलात?"

त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"दुसऱ्याच्या दारातला बूट उचलून बघायचं काय नडलं होतं तुमचं?"

"माझे मिस्टर नसले की माझीही बेल वाजवतात हे," शिक्षिका म्हणाली. "मला वाटायचं माझाच गैरसमज होत असेल."

काकूंनी त्याची अशी खरडपट्टी काढली, की सगळे मजले ऐकत राहिले. पुन्हा तिसऱ्या मजल्यावर पाय दिसला तर पोलिसांसमोर उभं करीन, सामान रस्त्यावर टाकीन, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. तो मऊ चपलांनी खाली उतरला. मित्रांनो, तो घर सोडून कुठे गेला नाही. फक्त जिन्यात कुणी भेटलं की भिंतीकडे बघू लागला. शिक्षिका आणि बाई मात्र तेव्हापासून एकमेकींना विचारून बाहेर पडत, आणि बेल वाजली की दोन्ही दारं एकदम उघडत.

त्या दिवशी दुपारी बाई गाढ झोपली. संध्याकाळी तिनं मला पुसलं, या वेळी वरून धूळ न चोळता. "सुटलात तुम्ही," ती मला म्हणाली. "आता कुणाच्या तरी पायात जा. दवाखान्यातल्या उंच वॉर्डबॉयला देते, तो घालेल." माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. ती मला पिशवीत ठेवत होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर काकू होत्या. किल्ल्यांचा आवाज येऊ नये म्हणून त्यांनी जुडगा हातात घट्ट धरला होता.

"टाकणार आहेस का ते?"

"नाही काकू, देणार आहे कुणाला तरी."

"मग मला दे."

"तुम्हाला? कुणासाठी?"

काकूंनी एकदा जिन्यात खाली पाहिलं. मग उंबऱ्यातच बसल्या.

"मुलगा येऊन-जाऊन असतो म्हणून मी सगळ्यांना सांगते. कुणी येत नाही गं. आमचे हे गेले तेव्हापासून मी दार दहादा तपासते. तुझ्या खोलीत परका पुरुष नको असं मी म्हटलं, ते काय उगीच? आणि यांच्या वेळेपासून राहणाऱ्या त्या मेल्याच्या पायांचा आवाज येत नाही, हे मला तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. सकाळी एवढी ओरडले ना, आणि खाली गेल्यावर दाराला सगळ्या कड्या लावून बसले."

बाईनं मला पिशवीतून बाहेर काढलं. नखानं तळव्यावरची चिठ्ठी खरवडली. मग ती काकूंच्या शेजारी बसली, एक बूट त्यांच्या हातात दिला आणि दुसरा जिन्याच्या खडबडीत पायरीवर घासू लागली.

"तळवा झिजलेला दिसला पाहिजे, काकू. मी तिथेच चुकले."

दोघीजणी घासत बसल्या. टाच झिजली, कडा झिजल्या. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किती चाललाय हा माणूस! त्या रात्रीपासून मी तळमजल्यावर आहे. काकू मला रोज थोडं तिरकं ठेवतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी हात जोडून सांगायचं असतं, की आम्हाला जपा. माझी तशी काही तक्रार नाही. मला सगळ्यांनीच जपलं, अगदी पायात न घालता जपलं. माझं मागणं वेगळं आहे. जिन्यातून जाल तेव्हा पावलं वाजवत जा. पुढे कुणी बाई एकटी चालली असेल तर थोडं मागे राहा, नाहीतर रस्ता ओलांडून पलीकडून चाला. दार उघडलं नाही तर परत फिरा. कुणी म्हणाली की मला भीती वाटते, तर तुझा गैरसमज असेल असं तिला सांगू नका. आणि तुमच्यात ज्या मुली आहेत, त्यांना एवढंच सांगतो, मला भिंतीशी बोललेलं काही कामाला आलेलं दिसलं नाही, चारचौघांत मोठ्यानं बोललेलं तेवढं आलं.

मी फार थकलो आहे. मला इथून कुणीतरी उचलून न्यावं असं रोज वाटतं. पण माझ्या जागी दुसरा जोड ठेवायचा असेल, तर राहू द्या, मीच उभा राहतो.