खिंड आणि रिव्हर्स गिअर

"इंजिनाची ताकद आणि पेट्रोलची बचत एकाच घरात सुखाने नांदू शकतात, हे आज साऱ्या जगाला कळेल!" अशी घोषणा तोक्तोबायने केली. ट्रकच्या बॉनेटखाली डोकं घालून केल्यामुळे ती जगाला नीट ऐकू आली नाही. त्याच्या बायकोचा, बुरुलचाचा, आवाज मात्र अंगणातून स्वच्छ आला. "जगाचं राहू द्या. चहा निवतोय."

ट्रक सोव्हिएत काळातला. तोक्तोबाय रोज त्यातून बाजारात दूध नेई आणि दुधाची निम्मी कमाई ट्रकच पिऊन टाकी. म्हणून बुरुलचाने बजावलं होतं, की उन्हाळी कुरणावर बिऱ्हाड नेताना ट्रकने बेताने प्यायला हवं आणि सगळ्यांना खिंडीपार पोहोचवायला हवं. नाहीतर दोन दुभत्या घोड्या देऊन तो न्यायला एकजण टपलेलाच होता. तोक्तोबायला घोड्या आवडत, पण घोडीला हॉर्न नसतो.

त्याने कार्बुरेटरमधली पेट्रोल सोडणारी जेट काढली, तिचं भोक बुजवलं आणि सुईएवढं नवं पाडलं. सपाटीवर ट्रक रोजा धरल्यासारखा शहाण्यासारखा चालला. मागे लोकरी नमद्याचा तंबू, पेट्या, मेंढ्या आणि बुरुलचा. पुढे मानाच्या जागी सासरे कादिरकूल, उंच पांढरी टोपी छताला टेकवून.

खिंडीच्या चढावर ट्रकला धाप लागली. पुढच्या वळणावर तो थांबलाच.

"रोजा फारच कडक धरलाय यानं," कादिरकूल म्हणाले.

"घोड्यांना निरोप धाडू का हो?" मागून बुरुलचा.

तोक्तोबायने पहिला गिअर टाकून पाहिला, ट्रक हलेना. पण या ट्रकचा सगळ्यात दमदार गिअर पहिला नव्हे, रिव्हर्स! "बाबा, आपण उलटे चढू!"

"म्हणजे आधी मेंढ्या पोहोचणार आणि त्यांच्या मागून मी? जावईबापू, या पांढऱ्या दाढीनिशी मी मेंढीच्या मागून कुणाकडे गेलेलो नाही."

"मग मेंढ्यांच्याही पुढे बसा. मागच्या फळीपाशी!"

बुरुलचाने फळीपाशी नमद्यांची चळत रचली, वर रंगीत गादी टाकली. म्हातारा तिच्यावर मांडी घालून बसला. ट्रक वळला आणि पाठमोरा, गुरगुरत, चढाला लागला.

"उजवीकडे घे!"

"तुमचं उजवं की माझं?"

"वडीलधारं कोण आहे? माझं!"

माथ्यापलीकडे कुरणावरची माणसं तंबूंतून धावत बाहेर आली. धुरळ्यातून आधी पांढरी टोपी आली, मग दाढी, मग मेंढ्या, आणि सगळ्यांत शेवटी इंजिन.

"हा ट्रक विकायचा नाही," कादिरकूलांनी गादीवरूनच निकाल दिला. "एरवी पुढून उतरताना लोकांना आधी माझे गुडघे दिसतात. आज आधी टोपी दिसली!"

बुरुलचाने टाकीत काठी बुडवली. टोक ओलं निघालं. "थोडं उरलंय," ती म्हणाली. "बरं, राहू दे ट्रक घरात."

आता तोक्तोबाय ताकद आणि बचतीवर भाषण ठोकणार, म्हणून सगळे ट्रकपुढे गोळा झाले. तो मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढून अजूनही मागेच बघत होता.

"अहो, या की खाली! ट्रक तुमचाच आहे."

"ते कळलं गं," तोक्तोबाय कण्हला. "आधी माझी मान तेवढी पुढे वळवून दे."