पहिला मान

भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढून धनश्रीने संगणकाचा डबा जुन्या चादरीत गुंडाळला आणि स्कूटीच्या पायदानावर उभा केला. दोन्ही पायांत तो घट्ट धरून ती निघणार, एवढ्यात समोरच्या वडापावच्या गाडीवरून हरिनंदन धावत आला. तो लेथवर काम करणारा बिहारी पोरगा, तिचं रोजचं गिऱ्हाईक.

"मॅडम, आज बंद? घर पे बात करनी थी।"

"घंटाभर रुको। आती हूँ।"

"दूसरे के यहाँ आवाज़ नहीं आती, मॅडम। आप ही के यहाँ आती है।"

एरवी हे वाक्य ऐकून धनश्रीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज तिने नुसती मान हलवली आणि स्कूटी सुरू केली.

ही २००८ सालची गोष्ट. रांजणगावच्या कारखान्यांत राबणारी निम्मी माणसं कारेगावच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायची आणि सुट्टी झाली की इंटरनेटच्या दुकानात येऊन कानाला हेडफोन लावायची. पलीकडे कुणाचा दुबईतला भाऊ असायचा, कुणाची बिहारमधल्या सिवानच्या असल्याच एखाद्या दुकानात ताटकळत बसलेली बायको. मेल आणि निकाल बघायला येणारे थोडे. दुकान चालायचं ते या बोलण्यावर. कारेगावात अशी बरीच दुकानं होती, आणि सगळ्यांना लाईन एकाच माणसाची, शिरूरच्या विक्रमची. पण बोलणं धड व्हायचं ते फक्त धनश्रीकडे. बाकी ठिकाणी पानं उघडायची, गाणी उतरायची. कॉल लावला की मात्र दोन शब्द आले न आले तोच आवाज बुडायचा.

"मी मशीनी जीव लावून पुसते," असं धनश्री सगळ्यांना सांगायची, आणि तिला ते खरंही वाटायचं.

कंपनीच्या गेटजवळ दुकान थाटलेल्या सुषमालाही तिने हेच सांगितलं होतं. पण काल सुषमा तिच्या दुकानात येऊन उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"इक्रम म्हणतो मशीन खराब. तू म्हणतीस पुसत जा. पुसून पुसून बटनावरची अक्षरं गेली, धनश्री. दिवाळीपातुर चाललं तर चाललं, न्हाई तर सासू म्हणतीय मशीनी इक आन् केडगावच्या मळ्यात खुरपायला ये. म्या खुरपायला भीत न्हाई. पर माझी चूक काय, तेवढं तरी कळू दे."

हे मात्र धनश्रीला लागलं. शिरूरच्या कॉलेजात तीन वर्षं संख्याशास्त्र शिकून तिने काय केलं होतं, तर मशीनी पुसल्या होत्या. चूक कुणाची हे अंदाजाने सांगायचं नसतं, मोजायचं असतं, एवढं तरी तिला शिकवलं होतं. तिने त्याच संध्याकाळी पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या तेजश्रीला, आपल्या वर्गमैत्रिणीला, फोन लावला. तेजश्रीने एक छोटासा प्रोग्रॅम करून पाठवला. एकच रेकॉर्ड केलेला आवाज तो पुण्याला पाठवायचा; कधी उघड कॉल म्हणून, कधी साध्या वेबपानाचा वेष चढवून. लाईनच अशक्त असेल तर दोन्ही सारखेच अडखळणार. उघडा अडकला आणि वेषातला बिनबोभाट गेला, तर वाटेत कुणीतरी तोंड बघून अडवतं आहे.

सुषमाच्या दुकानात धनश्रीने आपला डबा जोडला. पहिलाच उघडा कॉल बुडाला. मशीन धनश्रीची होती, पुसलेली होती.

"आता पटलं?" सुषमा म्हणाली.

"एकानं काय होतंय? पुष्कळदा करायला लागंल."

"मग आत्ता सगळं उघडं पाठव, आन् सांच्याला सगळं येषातलं."

"सांजच्याला शिफ्ट सुटती. तवा लाईन जड असती. मग विक्रमदादा म्हणंल, गर्दीनं झालं." धनश्रीने पर्समधून नाणं काढलं. "छापा पडला तर उघडा, काटा पडला तर वेषातला."

लागोपाठ तीनदा छापाच पडला. सुषमा वैतागली. "आता काट्याला घे की! त्याचा बी नंबर लागू दे."

"नाणं म्हणंल तसं. आपण ठरवायला लागलो की आपल्या मनातलं त्यात शिरतं."

दोघी दोन दिवस सवड काढून नाणं उडवत बसल्या. आवाजाचा किती भाग पोचला ते धनश्री जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर लिहायची, एका चिठ्ठीवर एकच आकडा. उघड्यांचा एक ढीग, वेषातल्यांचा दुसरा. दोन ढिगांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. तरी तिने ते दोन्ही ढीग परातीत एकत्र केले.

"अगं बाई! एवढी मेहनत मातीत घातली की!"

"न्हाई घातली, पाठीमागं खूण केलीय. आता नीट कालव, आन् डोळं झाकून पुन्ना दोन ढीग कर. नुसत्या नशिबानं एवढं अंतर पडतं का, ते बघायचंय."

सुषमाने पीठ मळावं तशा चिठ्ठ्या कालवल्या, ढीग केले, पुन्हा कालवल्या. हात भरून येईपर्यंत ती हेच करत राहिली. पण तसलं अंतर एकदाही पडलं नाही. शेवटी ती परात बाजूला सारून नुसती बसली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा मोकळा झाला होता.

"म्हंजी माझी मशीन चांगली हाय."

"चांगली हाय. तुझा आवाज कुणीतरी अडवतंय."

खरं तर इथेच थांबता आलं असतं. पण मोजणी अर्धी टाकायची नाही, ही धनश्रीची खोड. आपल्याही दुकानात तेच करून बघायचं तिने ठरवलं. थोडाफार फरक आपल्याकडेही निघेल आणि मग दोघी मिळून विक्रमकडे जाऊ, असा तिचा हिशेब होता. पुन्हा नाणं, पुन्हा चिठ्ठ्या. या वेळी ढीग लावताना तिचा हात हळूहळू मंद झाला. उघडा आणि वेषातला, दोन्ही सारखेच झुळझुळ पोचले होते. कालवायचीसुद्धा गरज नव्हती.

सुषमा शेजारीच होती. तिनेही पाहिलं.

"तुझं कुणी अडवत न्हाई," ती हळूच म्हणाली.

धनश्रीला आपल्याच दुकानात अवघडल्यासारखं झालं. त्या दिवशी तिने मशीनींना फडकं लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शिरूरला गेली. विक्रमचं ऑफिस एसटी स्टँडमागे होतं. आत एसीची गार हवा फुकट मिळते म्हणून त्याचे वडील हौसराव दुपारचे तिथेच पेपर वाचत बसायचे. धनश्रीच्या गावी, निमोण्याला, त्यांची मोठी बागायत. गावातलं कुठलंही काम त्यांना विचारल्याशिवाय हलायचं नाही.

"ये ज्ञानूची पोरगी, ये," ते म्हणाले. "इक्रम, चा सांग."

धनश्रीने चहा यायची वाट पाहिली नाही. चिठ्ठ्यांचे ढीग टेबलावर मांडले आणि सगळं सांगितलं. विक्रमने नाकारलं नाही. उलट त्याला जरा गंमतच वाटली.

"भारी काम केलंस की! व्हय, अडवतो. पुण्याहून येणारी लाईन बारीक हाय. सगळ्यांचे कॉल सोडले तर सगळ्यांचंच अडखळतं. म्हणून कॉल ओळखायचे आन् दाबायचे, अशी सेटिंग केलीय. तुझं तेवढं मोकळं सोडलंय."

"माझंच का?"

उत्तर हौसरावांनी दिलं. "म्याच सांगितलं त्याला. बाजरी निघाली की तुझा बाप मेंढरं पयल्यांदा कुणाच्या रानात बसवतो? माझ्या. माझ्या बापापासून हाय ते. मेंढरांच्या लेंडीमुताच्या खताचा पयला मान आमच्या रानाला, मग गावाला. ज्ञानूनं कवा चुकवलं न्हाई. मग त्याच्या लेकीला पयला मान आम्ही द्यायचा न्हाई, तर कुणी?"

इतक्या मायेने ते बोलले की धनश्री टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करू लागली. रागावून आली होती, पण राग कुणावर काढणार? वाईट कुणी केलंच नव्हतं. भलं केलं होतं, तिचं.

"आबा, तुमचे उपकार हायत," ती म्हणाली. "पर सगळ्यांचं सोडा. न्हाई तर माझं बी अडवा."

"तुझं गिऱ्हाईक जाईल की!" विक्रम म्हणाला.

"जाऊ द्या."

हौसरावांनी पेपरची घडी घातली. त्यांचा चेहरा उतरला होता. "मान परत करतीस व्हय? ज्ञानूला इचारलंस का?"

तिने विचारलं नव्हतं. चहा आला, तो तिने उभ्यानेच प्यायला आणि थेट निमोण्याच्या माळावर गेली.

ज्ञानू मेंढरं कोंडायच्या जाळीची फाटकी घरं गाठी मारून सांधत बसला होता. लेकीचं सगळं बोलणं त्याने काम न थांबवता ऐकलं. इंटरनेट त्याच्या डोक्यावरून गेलं, बाकीचं बरोबर पोचलं.

"त्या पोरीचं दुकान मोडतंय म्हणतीस?"

"व्हय आप्पा."

"आमच्या मेंढरानं कुणाचं रान मोडलं न्हाई कवा," तो जरा चिडूनच म्हणाला. मग आणखी एक गाठ मारली. "पर मागं बसलेल्याला काय वाटतं, ते बी कवा इचारलं न्हाई. रखमाजीचं रान शेवटाला. तवर रानातली वल उडती, पेरणीचा वापसा जातो, मग तो नुसता हात जोडतो, म्हणतो राहू द्या औंदा." त्याने जाळी खाली ठेवली. "ते नाणं कशापायी उडवत हुतीस?"

"माझ्या मनात काय हाय ते मधी येऊ नये म्हणून."

ज्ञानूने पुन्हा जाळी उचलली.

बाजरी निघाल्यावर, मेंढरं कुणाच्या रानात कधी बसवायची ते ठरवायला निमोण्यात बिरोबाच्या देवळापुढे नेहमीसारखी माणसं जमली. हौसराव नेहमीसारखे नारळ घेऊन आले आणि पुढे बसले. ज्ञानूने नारळ घेतला, देवापुढे फोडला, खोबरं वाटलं. मग डोक्याचं पागोटं काढून ते उलटं करून पारावर ठेवलं.

"औंदा चिठ्ठ्या," तो म्हणाला.

कुणाला काही कळेना. लेकीने कागद आणले का, एवढंच त्याने विचारलं. धनश्रीच्या पर्समध्ये कोरा कागद नव्हता. मोजणीच्या चिठ्ठ्या तेवढ्या होत्या. तिने प्रत्येकीच्या मागच्या, तारखांच्या बाजूला एकेकाचं नाव लिहिलं. बापाने आयुष्यात हौसरावांपुढे मान वर केली नव्हती, आणि आताही तो त्यांच्याकडे न बघताच हे करत होता.

पहिली चिठ्ठी रखमाजीची निघाली. म्हातारा उभा राहिला, पुन्हा बसला. एकामागून एक नावं निघत गेली. हौसरावांचं शेवटून दुसरं आलं.

हौसरावांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटून पाहिली.

"हा आकडा कसला?"

"सुषमाच्या दुकानातला, आबा," धनश्री म्हणाली. "अडवलेल्या आवाजाचा."

त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. चिठ्ठीची घडी करून बंडीच्या खिशात टाकली.

"बरं," ते म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी हरिनंदनने कानावरचा हेडफोन काढला.

"मॅडम, आवाज़ टूट रही है। आज तक कभी नहीं टूटी।"

धनश्रीला विक्रमचं ऑफिस आठवलं. आपलंही अडवा, असं तीच म्हणाली होती. विक्रमने तेवढंच ऐकलं असेल तर? तिने हरिनंदनला उठवलं, त्या खुर्चीत बसली आणि पर्समधून नाणं काढलं. छापा. उघडा कॉल अडखळत गेला. काटा. वेषातलाही अडखळला, अगदी तसाच. पुन्हा नाणं, पुन्हा तेच. शिफ्ट सुटेपर्यंत ती उडवत राहिली आणि दोन्ही ढीग भावंडांसारखे शेजारी शेजारी वाढत गेले. तोंड बघून आता कुणी कुणाला अडवत नव्हतं. लाईन बारीक होती, आणि सगळे तिच्यावर होते.

तेवढ्यात मोबाईल वाजला.

"धने!" सुषमा ओरडत होती, मागे चार माणसांचा गलका. "येतोय गं आवाज! तुटतोय, पर येतोय!"

"माझ्याकडं बी तुटतोय," धनश्री म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

हरिनंदन दारात उभा होता. आत शिरावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"गेट के पास सुषमाताई का दुकान है," तिने सांगितलं. "कमरे से नज़दीक पड़ेगा। वहाँ भी इतनी ही आवाज़ आएगी।"

"सच?"

"नाप के बोल रही हूँ।"

तो गेला. त्याच्या मागोमाग आणखी दोघं उठले. धनश्रीने खुर्च्या सरळ केल्या, सवयीने फडकं उचललं आणि रिकाम्या मशीनपाशी येऊन थांबली. पुसून काही होत नाही, हे आता तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिने ती पुसली.