वाटून घेतलेल्या गोळ्या

सोफ्यांना कापड चढवणाऱ्या त्या कारागिराचं आणि त्याच्या बायकोचं सगळंच निम्मं निम्मं. दुकानात ती बेतायची, तो ठोकायचा. चहाचा कप एक, घोट दोघांचे. शेजारी हसायचे. हसोत बापडे!

बायकोला दिवस गेले आणि दवाखान्यातल्या तपासणीत शरीरसंबंधांतून होणारा एक जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरबाईंनी तिला दोन गोळ्या दिल्या. "दोन्ही एकदम घे. आणि नवऱ्याला पाठव, त्यालाही औषध लागेल."

आता हा कोणत्या तोंडाने जाणार? परगावी कामाला असताना त्याचा पाय घसरला होता. बायकोपुढे त्याने रडत कबूल केलं, पण दवाखान्याचं नाव काढलं की गडी हातोडी उचलून ठोकायला बसायचा. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. मग सवयीने तिने वाटणीच केली. एक गोळी स्वतः घेतली, दुसरी त्याच्यापुढे सरकवली.

"गिळा," म्हणाली.

महिन्याभराने पुन्हा तपासलं, तर संसर्ग जिथल्या तिथे! खोदून विचारल्यावर ही वाटणी बाहेर आली आणि डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, औषध कुणी वाटून घेतं का? धड तुझंही भागलं नाही, धड त्याचंही. बाळंतपणात हे बाळाच्या डोळ्यांत गेलं म्हणजे?"

घरी हे ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वारी बायकांच्या रांगेत उभी, मान खाली घालून. डॉक्टरबाईंनी दोघांनाही पुरतं औषध समोरच घ्यायला लावलं. "आठवडाभर एकमेकांपासून लांब राहायचं. आणि पुढे निरोध वापरायचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही." दुकानातच, एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या सोफ्यावर झोपून त्याने तो आठवडा काढला.

पुढची तपासणी स्वच्छ निघाली. यथावकाश मुलगी झाली. दोन टपोरे, निर्मळ डोळे उघडून ती बापाकडे टकमक बघू लागली आणि त्याला हुंदका आवरेना.

"मला हाकलून द्यायचं सोडून तुझ्या औषधातलं मला दिलंस," तो बायकोला म्हणाला. "तुझे उपकार कसे फेडू?"

"राग गेलाय असं समजू नका."

"नाही समजत."

"पण त्या रांगेत तुम्ही उभे राहिलात," ती लेकीला त्याच्या हातात देत म्हणाली, "ते मी जन्मात विसरणार नाही."