दिवसभर पुरते

तालुक्याच्या गावी, शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत कुणाचा ना कुणाचा लॅपटॉप पोट उघडून पडलेला असायचाच, आणि शालनबाई भाकरीचं ताट ठेवायला जागा शोधत फिरायच्या. हा सगळा त्यांच्या सिद्धांतचा उद्योग. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आईनं घेऊन दिलेला त्याचा लॅपटॉप एका टिचभर मेमरीपायी बाद झाला होता. मेमरी बोर्डालाच जोडलेली, बदलायची सोय नाही, सगळंच फेका, असं दुकानदार म्हणाला. पोरानं ते मनाला लावून घेतलं. आपण बनवू तो लॅपटॉप चार स्क्रू काढले की उघडला पाहिजे, हे तेव्हाच ठरून गेलं.

पुढं वर्षभर तो नोकरीविना घरी बसला. धड जेवायचा नाही, धड बोलायचा नाही. मग पुण्यातल्या एका लहानशा कंपनीनं त्याला घेतलं; काम घरूनच, अधूनमधून पुण्याला जायचं. गावोगाव हिंडून काम करणाऱ्यांसाठी त्यांना लॅपटॉप काढायचा होता, आणि त्याची केस, म्हणजे बाहेरचं कवच आणि आतली मांडणी, सिद्धांतकडं आली. उघडायचं म्हटल्यावर स्क्रू आले, खोबणी आल्या, मेमरी घालायला फट आली. एवढं बसवून जी जागा उरली, ती बॅटरीच्या वाट्याला. कागदावरचा हिशेब अगदी काठावर होता. कुणाकडून तरी गावात वापरून घे, साहेब म्हणाले. लांब कशाला जायचं, माणूस घरातच होतं.

थोरली बहीण प्रतिक्षा एका संस्थेत नोकरीला होती. उजनीच्या काठच्या गावांत जाऊन शाळकरी पोरांचे कान तपासायचे. पोराला हेडफोन लावायचा, लॅपटॉपवरून बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की पोरानं हात वर करायचा. दिवसा तिकडं लाइटीचा भरवसा नाही. भावाचा लॅपटॉप पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी बंद पडला. संस्थेच्या जीपचा ड्रायव्हर आदिनाथ भला माणूस, त्यानं गाडी चालू ठेवून चार्जिंग करून दिलं, म्हणून उरलेली पोरं तपासून झाली.

संध्याकाळी सिद्धांत दारातच उभा होता.

“ताई, पुरली का बॅटरी? खरं सांग की.”

चपला काढता काढता प्रतिक्षानं त्याचा चेहरा न्याहाळला. भिंतीकडं तोंड करून पडलेला भाऊ तिनं वर्षभर बघितला होता. पुन्हा तसा बघायची तिची छाती नव्हती.

“पुरली की. दिवसभर पुरते,” ती म्हणाली.

सिद्धांत त्या दिवशी पोटभर जेवला. मग काय, रोजचंच झालं ते. तिकडं जीप घरघरत राहायची आणि इकडं बॅटरी दिवसभर पुरायची. एकदा तर प्रतिक्षा बाईसाहेब उत्साहाच्या भरात म्हणून गेल्या, संध्याकाळीसुद्धा चार्जिंग उरतंय. खोट्याला जरा सजवून सांगायचा मोह कुणाला आवरलाय?

दिवाळीच्या तोंडावर तो पुण्याहून नवी केस घेऊन आला. चार स्क्रू काढून त्यानं ती तिच्या मांडीवर उघडी ठेवली.

“तुझ्यामुळं झालं हे. चार्जिंग उरतंय म्हणालीस ना, म्हणून बॅटरी आणखी लहान केली. त्या जागेत दुसरी मेमरी बसते आता. साहेब लई खूश आहेत.”

प्रतिक्षानं त्या लहान झालेल्या बॅटरीवर बोट ठेवलं.

“आणि परत मोठी करायची म्हटली तर?”

“आता कशी? केस ओतायचे पोलादी साचे तयार झाले. तुमच्याच संस्थेनं सगळ्यांसाठी हेच लॅपटॉप मागवलेत.”

तेव्हा तरी बोलायचं होतं तिनं. पण शालनबाई मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, आणि तो किती दिवसांनी असा हसत होता. संस्थेतल्या बाकीच्या बायका स्कूटीवर फिरतात, त्यांना जीप नाही, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याची तिला मनापासून लाज वाटली.

उन्हाळ्यात संस्थेनं नवे लॅपटॉप वापरणाऱ्या सगळ्या जणींना करमाळ्याला बोलावलं. सिद्धांतनं स्क्रू कसे काढायचे, मेमरी कशी बदलायची, ते दाखवलं. बायका कौतुकानं बघत होत्या. मग वैष्णवी नावाची एक नवी पोरगी भीत भीत उठली.

“ताई, तुमचा म्हनं दिसभर चालायचा. माजा दुपारच्या आतच बंद पडतोय. एका पोराची तपासणी अर्धीच ऱ्हायली. त्याची आई केळीच्या बागेतलं काम बुडवून आलती. परत या म्हनलं, तर ती आलीच न्हाय. त्याला ऐकू येतंय का न्हाय, कुनाला म्हाईत? माजं काय चुकतंय?”

आणखी दोघीतिघींनी माना खाली घातल्या. आपल्यालाच नीट वापरता येत नाही, असं धरून इतके दिवस त्या बोलल्या नव्हत्या.

“ताईलाच विचारा,” सिद्धांत हसत म्हणाला. “तिनंच पास केलाय.”

प्रतिक्षानं भावाकडं बघितलं. खरं बोलायला दोन शब्द पुरे होते. भाऊ अजून हसत होता.

“स्क्रीनचा उजेड कमी ठेवत जा,” ती म्हणाली. “एकदम कमी.”

सगळ्यांनी उजेड कमी केला. वैष्णवीला व्हरांड्यातल्या उन्हात काही दिसेना, तशी तिनं ओढणी डोक्यावरून पुढं ओढली आणि त्या अंधारात डोळे ताणून बघायला लागली.

“म्हंजी चूक माजीच व्हती, ताई,” ती ओढणीतनं म्हणाली.

प्रतिक्षानं मान डोलावली.