नर्मदाबाईंकडचा उखाणा

चौऱ्याण्णवची संक्रांत झाली होती आणि विद्यापीठाच्या नामांतरामुळे हक्क हा शब्द गंगाखेडात ज्याच्या त्याच्या तोंडी होता. वाचनालयाने वादविवादाला विषय ठेवला: समलिंगी माणसांचा हक्क जगाने मानवी हक्क मानावा का? बाजूने बोलायला कुणी मिळेना, विरुद्ध बोलायला मात्र रांग. त्या रांगेत नागरिकशास्त्राच्या प्रभावतीबाई पहिल्या.

"हे परदेशातलं खूळ आहे. आपल्या मातीत असलं काही नाही," त्या ठासून म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

खरं तर चित्रकलेच्या सुमंगलाबाईंबरोबर त्यांनी चौदा वर्षं संसार केला होता. गाव दोघींना मैत्रिणी म्हणे. पण पोटात भीती असली की माणूस असंच मोठ्यानं बोलतं.

घरी सुमंगलाबाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी कुठंच न्हाई. उद्याचं हळदीकुंकू झालं की जिंतूरला भावाकडं जायलेय. परत यायची न्हाई."

प्रभावतीबाई ताटावरून उठल्या.

घरमालकीण नर्मदाबाईंकडची रीत पक्की होती: नाव घेतल्याशिवाय वाण नाही. नवरा नसेल तिने देवाचं घ्यावं. दोघी दर वर्षी महादेवावर भागवत. यंदा प्रभावतीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"गंगेच्या पाण्याला दगडी घाट,
सुमंगलाचं नाव घेते, आमची एकच वाट."

बायका खो खो हसल्या. "आगं बया, बाईंनी मैत्रिणीशीच लगीन लावलं की!" शेजारच्या चांगुणाबाई म्हणाल्या.

प्रभावतीबाईही हसल्या असत्या तर सगळं निभावलं असतं. सुमंगलाबाई त्यांच्याकडे न बघता उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

"चेष्टा न्हाई केली मी," प्रभावतीबाई म्हणाल्या. "काल वाचनालयात बोलले ते खोटं. हे खरं हाय."

हसू जागच्या जागी थांबलं. चांगुणाबाई वाण न घेताच उठल्या, त्यांच्यामागे आणखी दोघी गेल्या. नर्मदाबाई वाणाची वाटी हातात धरून बसून राहिल्या. त्यांना हे पटलं नव्हतं, तोंडावरच दिसत होतं. पण शेवटी त्यांनी वाटी पुढे केली.

"नाव घेतलंय तिनं. माझ्या घरची रीत मी कशी मोडू?" मग दाराकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमचं राहिलंय, सुमंगलाबाई."

गाडीची वेळ झाली होती. सुमंगलाबाई उंबऱ्यावरून मागे आल्या आणि प्रभावतीबाईंच्या शेजारी बसल्या.

"मला जुळवायला येत न्हाई," त्या म्हणाल्या. "नुसतं नाव सांगते. प्रभावती."