धोंड्याचं ताट

"जवाईबापू, काय हाल करी लिधात! बठ्ठं आंग वाळी गयं!"

शिंदखेड्याच्या ओट्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच भिकुबाई, माझ्या सासूबाई, पदर तोंडाला लावून उभ्या. अरे देवा, म्हटलं, सुरू झालं! चोपड्याहून उन्हात एसटीनं आलेला मी मोटर वाइंडिंगवाला, निदान पाणी तरी विचारा की.

पण त्यांचं तरी काय चुकलं? ज्योत्स्ना, माझी बायको, दोन वर्षांमागे गेली ती अशीच वाळत वाळत. जावयालाही तसंच बघून म्हातारीच्या काळजात चर्र झालं असणार. लेक गेली तरी अधिक महिन्यात त्यांनी मला हक्कानं बोलावलं होतं. जावयाला धोंडे जेवू घातले की नातं टिकतं, असं त्या मानतात. मला दुसरं सासर करायचं नव्हतं, त्यांना दुसरी लेक नव्हती.

ताट आलं. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. वास असा, की डॉक्टर गेला खड्ड्यात म्हणावं. हात मात्र मांडीवरच राहिला. नाही म्हणावं तर उरलंसुरलं नातं तुटतं, हो म्हणावं तर माझा जीव जातो.

"मामी, हाई वाळणं मुद्दाम शे," मी म्हणालो. "माले साखर शे, अन् लिव्हरवर चरबी. डॉक्टर म्हणे, नुसत्या गोळ्यासवर भागाव नही, वजन उतारा. उतारं. आते लिव्हर सुधरी राहिनं."

"लिव्हर? तुम्हीन दारू पेतस?"

"थेंब नही. माळ शे ना गळामा. साखरवाल्यासले बिगर दारूनंबी व्हस."

 त्या हळूच म्हणाल्या, "ज्योत्स्नालेबी हाईच व्हतं?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "हा, मामी. तिन्हं उशिरा समजनं. लिव्हर पार कडक व्हई गयथं."

"अन् मी माय तिले तूपच वाढत राहिनू! पहिले जाडी दिसे तं नजर उतारू, मन्ही लेक सुखी शे म्हनीसन!"

मला रडू आवरेना. त्या मात्र रडल्या नाहीत. ताट पुढे सरकवून म्हणाल्या, "नुसता हात लावा. वाण शे." मी हात लावला. त्यांनी ताट उचलून नेलं आणि ज्वारीची भाकरी, गिलक्याची भाजी आणून वाढली.

जेवलो. पोट भरलं होतं, पण त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "मामी, आखो अर्धी वाढा."

त्यांचा हात सवयीनं भाकरीच्या टोपलीकडे गेला आणि अधांतरी थांबला.

"नही. बस व्हयनं आते."

उभ्या जन्मात ताटावर बसलेल्या माणसाला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. टोपलीवर फडकं टाकून त्या दोन्ही हातांनी ते घट्ट दाबून बसल्या.